शहराच्या नावाचा माग कसा काढायचा: क्योल्न, कोलोन आणि कोलोनिया

एखाद्या परदेशी शहराचं नाव कुठून आलं हे शोधायचं असेल, तर आधी त्या शहराच्या शेजाऱ्यांकडे जा. गावातली माणसं गावाचं नाव दिवसातून दहादा घेतात. घेऊन घेऊन ते झिजतं, आखूड होतं. शेजारच्या भाषेत तेच नाव केव्हातरी फार पूर्वी गेलेलं असतं आणि तिथे कमी वापरात राहिल्यामुळे जुन्या रूपात टिकून असतं. म्हणून परदेशी रूपांना ‘अपभ्रंश’ म्हणून बाजूला सारू नका. तो पुरावा असतो.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते. घर पूर्व भागात. घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजार कानडी. एकाच वस्तूला तीन नावं असणं हे माझ्या लहानपणापासूनचं साधं जगणं आहे. पण नव्याने कामाला लागलेली मुलं इनव्हॉइसवर ‘कोलोन’ आणि खोक्याच्या लेबलवर ‘क्योल्न’ बघून थांबतात आणि विचारतात, “अक्का, माल दोन गावांना जायचाय का?” गाव एकच. ऱ्हाइन नदीच्या काठचं, जर्मनीतलं. त्याच गावावरून नावाचा माग काढायची रीत सांगते. रीत कळली की कुठलंही शहर घ्या.

पहिलं काम: रूपं गोळा करा

उगम लगेच शोधू नका. आधी वही घ्या आणि तीन रकाने आखा: भाषा, लिखाण, उच्चार. विकिपीडियावर त्या शहराचं पान उघडलं की इतर भाषांची यादी मिळते. एकेक भाषा उघडा आणि नाव उतरवून घ्या. उच्चार शक्य तितका ऐकून देवनागरीत लिहा. आपली लिपी या कामाला फार चांगली आहे, कारण इंग्रजी स्पेलिंग जे लपवतं ते देवनागरीत लिहिताना लपवता येत नाही.

या शहराची माझी यादी अशी झाली. जर्मन: क्योल्न. तिथल्या गावबोलीत: क्योले. डॅनिश, स्वीडिश, हंगेरियन, रशियन यांच्यात जर्मनच्या जवळची रूपं. लाटव्हियनमध्ये केल्ने, लिथुआनियनमध्ये केल्नास, जपानीत केरुन. डच लोक क्योलन म्हणतात, पण लिहितात वेगळं: के, ई, यू, एल, ई, एन. फ्रेंचमध्ये कोलोन्य. इंग्रजीत कलोन. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये कोलोनिया. पोर्तुगीज, पोलिश आणि ग्रीकमध्येही थोड्या फरकाने तेच. चेक भाषेत कोलीन नाद रीनेम.

आता यादीकडे नीट बघा. इटली, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड, ग्रीस हे देश एकमेकांपासून लांब आहेत, तरी नाव जवळजवळ एकच आणि चांगलं लांब. जर्मनी आणि तिच्या उत्तर-पूर्वेच्या शेजाऱ्यांकडे ते एक-दोन अक्षरांत मावतं. फ्रेंच मधे कुठेतरी. अशी यादी समोर आली की माझा ठोकताळा असा: सर्वांत लांब रूप आधी तपासायला घ्यायचं. वापरात आवाज गळतात जास्त, वाढतात कमी. याला अपवाद असतात, म्हणून याला नियम म्हणत नाही. पण सुरुवात तिथूनच करावी.

दुसरं काम: लांब रूपाचा जुना दाखला शोधा

‘कोलोनिया’ हा लॅटिन शब्द आहे. रोमन लोक निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन जी वसाहत वसवत, ती कोलोनिया. मूळ धातूचा अर्थ जमीन कसणं, राहणं. इंग्रजीतून आपल्याकडे आलेली ‘कॉलनी’ हीच.

पण नुसतं ‘वसाहत’ हे गावाचं नाव कसं होईल? असा प्रश्न पडला की समजायचं, नावाचा काही भाग गळलाय. तो भाग इतिहासात शोधायचा. इ.स. ५० मध्ये या गावाचं पूर्ण नाव होतं ‘कोलोनिया क्लाउडिया आरा आग्रिपिनेन्सियम’. चार शब्द, चार बातम्या. कोलोनिया म्हणजे वसाहतीचा दर्जा. क्लाउडिया म्हणजे तो दर्जा सम्राट क्लॉडियसच्या काळातला. आरा म्हणजे वेदी. वसाहतीच्या आधीपासून इथे उबी नावाच्या जमातीचं ठाणं होतं आणि रोमन सत्तेची एक वेदी होती. आग्रिपिनेन्सियम म्हणजे आग्रिपिनाच्या लोकांची.

ही आग्रिपिना क्लॉडियसची पत्नी आणि नीरोची आई. ती जन्मली याच ठाण्यात, वडील सैन्याबरोबर सीमेवर असताना. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की मित्रजमातींना आपली ताकद दिसावी म्हणून तिने आपल्या जन्मगावी निवृत्त सैनिकांची वसाहत करवून घेतली. उबी लोक ऱ्हाइन ओलांडून आले तेव्हा त्यांना रोमच्या आश्रयाला घेणारा अग्रिपा हा तिचा आजोबा. एका बाईने आपलं जन्मगाव मोठं केलं आणि त्याला आपलं नाव दिलं, हे मला या सगळ्या शोधातलं सर्वांत मोलाचं वाटतं. आपण कलोन म्हणताना त्यात ती कुठेच ऐकू येत नाही, पण पूर्ण नावात ती आहे. गावाच्या उत्तर वेशीच्या कमानीवर त्या चार शब्दांची चार आद्याक्षरं कोरलेली होती. कमानीचा तो भाग आज तिथल्या रोमन-जर्मन संग्रहालयात आहे.

मग चारांतला नेमका ‘कोलोनिया’च का उरला? जवळची माणसं पूर्ण नाव घेत नाहीत. आपल्याकडेही कुणी विचारलं तर “कॉलनीत राहतो” एवढंच सांगतात; कुठली कॉलनी ते आजूबाजूच्यांना ठाऊक असतं. आजूबाजूच्या लोकांना ‘ती’ वसाहत म्हणजे हीच. इंग्लंडमधल्या लिंकन या गावाच्या नावातही शेवटचा ‘कन’ म्हणजे कोलोनियाच आहे. तिथे आधीचं नाव ‘लिंडम’ पुढे चिकटून राहिलं आणि कोलोनिया आखडून मागे गेला. एकच शब्द, दोन गावांत दोन गती.

तिसरं काम: आवाज कसे बदलले ते तोंडाने म्हणून बघा

हा भाग वाचून कळत नाही, म्हणावा लागतो. लॅटिनमध्ये ‘कोलोनिया’चा जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘लो’वर. जर्मन बोलींमध्ये जोर शब्दाच्या सुरुवातीला जातो. जोर पहिल्या ‘को’वर टाकून भरभर दहादा म्हणा. पुढची अक्षरं पुसट होत जातात आणि कोल्न उरायला लागतं.

पण मग ‘को’चा ‘क्यो’ कसा झाला? शेवटच्या ‘निया’मधल्या इकाराने. जुन्या जर्मनमध्ये पुढच्या अक्षरात इ किंवा य असेल तर मागचा ओ तोंडात पुढे सरके. मग तो इ गळून गेला, पण त्याने सरकवलेला स्वर तसाच राहिला. जर्मन लोक आज ओ वर दोन टिंबं देतात, ती या सरकलेल्या स्वराची खूण. तो स्वर काढायचा असेल तर जीभ ‘के’ म्हणताना जशी ठेवता तशी ठेवा आणि ओठ ‘को’सारखे गोल करा. आखूड म्हणा. जमलं की कळेल, लाटव्हियन आणि जपानी लोकांनी ओठ सोडून दिले म्हणून त्यांच्याकडे ‘के’ आला. जपानीत ल नाही, म्हणून त्याचा र झाला.

फ्रेंच वाट वेगळी. तिथे जोर ‘लो’वरच राहिला आणि ‘निया’चा मऊ ञ झाला, जो ते लोक जी आणि एन ही अक्षरं जोडून लिहितात. हे एकाच नावावरून ठरवू नका. पोलंडचं लॅटिन नाव पोलोनिया, फ्रेंच नाव पोलोन्य. कातालोनियाचं फ्रेंचमध्ये कातालोन्य. तीन नावं एकाच साच्यातून निघाली की मगच तो बदल पक्का धरायचा. इंग्रजीने फ्रेंच लिखाण घेतलं, ते मऊ ञ मात्र घेतलं नाही. म्हणून इंग्रजी स्पेलिंगमध्ये जी दिसतो आणि बोलण्यात तो मुकाच राहतो. तो जी तिथे का आहे, याचं उत्तर फ्रेंच उच्चारात आहे, इंग्रजीत शोधून सापडणार नाही.

लिखाणातला एक बदल अगदी अलीकडचा आहे. शहराचं नाव पूर्वी सी अक्षराने लिहीत. १९१९ पासून अधिकृत लिखाण के ने आहे. जुन्या नकाशांवर, पत्रांवर, टपालाच्या शिक्क्यांवर सी दिसला तर गोंधळू नका. उलट कागदाचं वय ठरवायला त्याची मदत होते.

कधी आवाज बदलतो, कधी अर्थ नेला जातो

सगळी नावं कोलोनियासारखी सरळ एकाच शब्दातून निघत नाहीत. क्योल्नच्या पश्चिमेला, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेजवळ आखेन नावाचं शहर आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. डचमध्ये ते आकन. फ्रेंचमध्ये एक्स-ला-शापेल. इटालियनमध्ये आक्विसग्राना, स्पॅनिशमध्ये आकिसग्रान, पोलिशमध्ये आक्विझग्रान. रकाने भरताना ही एकाच गावाची नावं वाटणारच नाहीत.

गट पाडा. ‘आखेन’मध्ये पाणी या अर्थाचा जुना जर्मन शब्द आहे. लॅटिन ‘आक्वा’चा अर्थही पाणी, आणि दोन्ही शब्द मुळात भाऊबंद. फ्रेंच ‘एक्स’ हा लॅटिन ‘आक्विस’, म्हणजे ‘पाण्यांपाशी’, याचाच आटलेला अवशेष. फ्रान्समध्ये एक्स नावाची आणखी गावं आहेत, तीही झऱ्यांचीच, म्हणून ओळख पटावी यासाठी या गावाला ‘ला शापेल’ जोडलं. हे शापेल म्हणजे शार्लमेन राजाने तिथे बांधलेलं प्रार्थनामंदिर. तो राजा इ.स. ८१४ मध्ये तिथेच वारला.

उरलं ‘ग्रान’. ग्रानुस हा केल्टिक लोकांचा देव, रोगमुक्तीचा, झऱ्यांशी जोडलेला. जर्मन नावात तो नाही, फ्रेंच नावात नाही, डचमध्ये नाही. इटालियन, स्पॅनिश आणि पोलिश भाषांनी तो ठेवला. आखेनमधला माणूस आपल्या गावाचं नाव घेताना फक्त पाणी म्हणतो, आणि वॉर्सातला माणूस त्याच गावाचं नाव घेताना झऱ्यावरच्या देवालाही हाक मारतो. परदेशी रूपं गोळा करा, असं मी इतकं बजावते ते याचसाठी. जर्मन नावावरच थांबलात तर हा देव तुम्हाला भेटणारच नाही.

चेकमध्ये याच गावाला त्साखी म्हणतात. सुरुवातीचा त्स हा जर्मन ‘त्सू’ या शब्दयोगी शब्दाचा, ‘आखेनला’ किंवा ‘आखेनमध्ये’ असं सांगणारा. ऐकणाऱ्याने तो नावाचाच भाग समजून उचलला. एखाद्या रूपात सुरुवातीलाच अनोळखी आवाज सापडला तर अशी शक्यता जरूर तपासा.

वस्तूबरोबर गेलेलं नाव

तुमच्या घरात ताप आल्यावर कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवल्या असतील. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांबरोबर हीही रीत कितीतरी मराठी घरांत होती. ते ‘कोलन’ म्हणजे हेच शहर. जोहान मारिया फारिना हा मूळचा इटालियन सुगंधकार तिथे स्थायिक झाला. १७०९ मध्ये तिथे स्थापन झालेली फारिनांची पेढी आजही आहे. आपल्या सुगंधी पाण्याला त्याने नव्या गावाचं नाव दिलं, आणि ते नाव युरोपभर फ्रेंच रूपात फिरलं: ओ द कोलोन्य, म्हणजे कोलोन्यचं पाणी. तिथल्या दुसऱ्या एका प्रसिद्ध कोलोनचं नाव ‘४७११’ असं आहे. तो ग्लोकनगासं या गल्लीतला घरक्रमांक.

तुर्कस्तानात याला कोलोन्या म्हणतात आणि पाहुणा आला की त्याच्या हातावर शिंपडतात, आपण गुलाबपाणी शिंपडतो तसं. पण शहराला मात्र तुर्की माणूस जर्मनसारखंच क्योल्न म्हणतो. म्हणजे एकाच भाषेत वस्तूचं नाव एका वाटेने आलं आणि शहराचं दुसऱ्या. मराठीतही तेच झालंय. बाटलीवरचं कोलन लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत आणि मग आपल्या घरात आलं. क्योल्न मात्र नकाशे आणि जर्मनच्या शिकवण्यांमधून थेट. म्हणून रकान्यांत एक चौथा रकाना वाढवा: या गावाच्या नावाची एखादी वस्तू आपल्या भाषेत आहे का?

सारखं दिसतं म्हणून एक धरू नका

चेक नावाला ‘नाद रीनेम’, म्हणजे ‘ऱ्हाइनवरचं’, हे शेपूट का, याचं उत्तर चेक देशातच आहे. त्यांचं स्वतःचं एक कोलीन आहे, लाबे नदीवर. घरचं कोलीन आधी, म्हणून परक्याला नदीची खूण. बर्लिनमध्ये नॉयक्योल्न नावाचा भाग आहे. त्याला हे नाव १९१२ मध्ये मिळालं, बर्लिनच्या क्योल्न नावाच्याच जुन्या जुळ्या गावावरून. रोमन वसाहतीशी त्याची थेट गाठ घालू नका. रोमन वसाहत तिथवर पोहोचलीच नव्हती.

सर्वांत फसवं नाव म्युनिकचं. जर्मनमध्ये म्युन्शन, मूळ अर्थ ‘संन्याशांपाशी’. चेकमध्ये म्निखोव्ह, पोलिशमध्ये मोनाखिउम, आणि इटालियनमध्ये मोनाको. होय, समुद्रकाठच्या त्या चिमुकल्या देशाचंही नाव मोनाकोच. म्हणून इटालियन लोक स्पष्ट करायचं तेव्हा ‘मोनाको दी बाव्येरा’ म्हणतात, म्हणजे बायर्न या जर्मन राज्यातलं मोनाको. इटलीतल्या खरेदीदाराच्या ईमेलमध्ये नुसतं मोनाको आलं तर पुढचा देश आणि पिनकोड बघितल्याशिवाय काही ठरवू नका. फ्रँकफुर्टही दोन आहेत, एक माइन नदीवर, एक ओडर नदीवर. होम टेक्स्टाइलचं मोठं प्रदर्शन भरतं ते माइनवरच्यात.

सराव सोलापूरवर करा

ही रीत परक्या गावावर वापरण्याआधी स्वतःच्या गावावर घासून बघा. सोळा पुरं, म्हणून सोलापूर, हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्या सोळा वाड्यावस्त्यांची यादीही सांगितली जाते. कथा गोड आहे. आता दाखले बघा. सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या शिलालेखांत गावाचं नाव सोन्नलगे असं येतं, आणि कन्नड परंपरेत ते आजही ‘सोन्नलिगे सिद्धराम’ आहेत. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या संस्कृत शिलालेखात सोनलीपूर. भुईकोट किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, तिथल्याच विहिरीवरच्या लेखात संदलपूर. इंग्रजांनी शोलापूर लिहिलं. शेजारच्या कानडी आजी सोल्लापूर म्हणतात, आमच्या घरातली थोरली माणसं शोलापूर म्हणतात.

हे सगळं ओळीने लावलं की ‘सोन्नल’, ‘सोनल’ ही जुनी बाजू स्पष्ट दिसते आणि सोळा हा आकडा मागाहून जुळवलेला वाटतो. माझं मत सोन्नलगेच्या बाजूने आहे, कारण तो दाखला दगडावरचा आहे आणि कन्नडने तो बोलण्यातही जपलाय. सोळा पुरांची कथाही वहीत लिहून ठेवा, पण वेगळ्या पानावर. लोक नावाचा अर्थ कसा लावतात हा वेगळा अभ्यास आहे, आणि तोही करण्यासारखा आहे.

मराठीत आणि कागदावर काय लिहायचं

मराठी मजकुरात मी शहराला क्योल्न आणि बाटलीला कोलन लिहिते. लेख इतिहासाचा असेल आणि रोमन काळ चालू असेल तर कोलोनिया. कुणी कोलोन लिहिलं तर ते इंग्रजी वाटेचं रूप आहे, चूक म्हणून खोडायचं कारण नाही. मात्र एका लेखात एकच रूप ठेवा आणि पहिल्या वेळी दुसरं सांगून टाका.

निर्यातीच्या कागदांचं वेगळं. पत्ता जर्मन असेल तर नाव जर्मनच ठेवा. ओ वरची दोन टिंबं संगणकावर येत नसतील तर ऑल्ट कळ दाबून आकड्यांच्या पॅडवर ०२४६ टाइप करा. मोबाइलवर ओ दाबून धरा. काही सॉफ्टवेअर ते अक्षर घेतच नाहीत. तिथे ओ नंतर ई लिहा: के, ओ, ई, एल, एन. जर्मन लोक स्वतः अडचणीच्या वेळी असंच लिहितात. टिंबं नुसती गाळून के, ओ, एल, एन लिहू नका, तो स्वर वेगळा. इनव्हॉइसवर, पॅकिंग लिस्टवर आणि शिपिंग बिलावर अक्षरन् अक्षर एकच रूप हवं. खरेदीदाराच्या ऑर्डरवर जे आहे तेच उतरवा.

आणि नावावर शंका आली की आकड्यांकडे वळा. जर्मन पिनकोड पाच आकड्यांचा असतो. क्योल्नचे ५० किंवा ५१ ने सुरू होतात. विमानतळाची अक्षरं सी-जी-एन, आणि त्यातला जी त्याच फ्रेंच लिखाणातला आहे.